सारेप्ता : एका सनदी गावाच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

आमच्या अभ्यासगटाने परक्या साम्राज्यांमधील वसाहतींवर जी लेखमाला योजली आहे, तिच्यात माझ्याकडे रशियातील जर्मन आले आहेत. पहिल्या बैठकीत मी उत्साहाच्या भरात व्होल्गाकाठच्या सगळ्याच जर्मन वसाहतींवर लिहिते असे सांगून बसले होते. आज कच्चा आराखडा मांडल्यावर त्यातला वेडेपणा लक्षात आला. १७६४ ते १७६७ या मोजक्या वर्षांत सारातोव्हच्या आसपास शंभराहून अधिक वसाहती उभ्या राहिल्या. त्या साऱ्या एका लेखात घ्यायच्या म्हटल्या तर लेख न होता तलाठ्याचे दप्तर होईल. म्हणून एकच गाव घ्यायचे ठरवले. ते म्हणजे त्सारित्सिनच्या, म्हणजे आजच्या व्होल्गोग्राडच्या, दक्षिणेला सार्पा ही छोटी नदी व्होल्गेला मिळते तिथे १७६५ मध्ये वसलेले सारेप्ता.

हे गाव निवडण्याचे कारण असे की, ते बाकीच्यांसारखे नव्हते. इतर वसाहती युद्धाने आणि करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांच्या होत्या. हे गाव एका पंथाने विचारपूर्वक, करार करून आणि विशिष्ट हेतूने वसवले होते. शिवाय त्याला त्याची स्वतःची सनद होती. लेखाचा कणा ही सनदच ठेवायचा विचार आहे. लेखासोबत एक नकाशा आणि एक कालपट द्यायचा आहे.

५ जून

सनदेकडे जाण्यापूर्वी रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिचा २२ जुलै १७६३ चा जाहीरनामा आज कलमवार मराठीत उतरवला. रिकाम्या जमिनीवर वसाहत करणाऱ्या परदेशीयांना तीस वर्षे करमाफी, घरबांधणी व अवजारांसाठी बिनव्याजी कर्ज आणि त्याची फेड दहा वर्षांनंतर सुरू, सैनिकी सेवेतून कायमची सूट, गावाचा अंतर्गत कारभार गावानेच पाहण्याची मुभा, आणि आपल्या धर्माप्रमाणे चर्च बांधण्याचे स्वातंत्र्य, अशी ही कलमे आहेत. ओसाड मुलूख लागवडीखाली यावा म्हणून कौलनामा देऊन रयत बोलावण्याची रीत आपल्याकडच्या कागदांत पदोपदी भेटते, त्यामुळे भाषांतराला शब्द शोधावे लागले नाहीत. 'माफी', 'सूट', 'तगाई' हे शब्द जणू वाट पाहत उभे होते. फक्त 'तगाई' शेवटी खोडून मी 'कर्ज' लिहिले, कारण तगाई म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर दुष्काळ येतो.

एक कलम मात्र पुन्हा पुन्हा वाचावे लागले. परदेशीयांनी चर्च बांधावे, पण मठ बांधू नये, आणि रशियात राहणाऱ्या इतर ख्रिस्ती प्रजेला आपल्या पंथात ओढू नये, असे त्यात बजावले आहे. सारेप्त्याच्या पुढच्या साठ वर्षांची अडचण या एका कलमाच्या परिसरात दडलेली आहे, म्हणून त्याचे भाषांतर सैल राहून चालणार नाही.

९ जून

आजचा दिवस तारखांनी खाल्ला. रशिया तेव्हा जुन्या ज्युलियन पंचांगावर चालत होता आणि अठराव्या शतकात दोन पंचांगांत अकरा दिवसांचे अंतर होते. गावाच्या स्थापनेचा दिवस म्हणूनच एकीकडे ३ सप्टेंबर १७६५ आणि दुसरीकडे १४ सप्टेंबर १७६५ असा भेटतो. मी माझ्या कालपटात दोन्ही बेमालूम मिसळल्या होत्या आणि त्यामुळे एक घटना तिच्या कारणाच्या आधी घडलेली दिसत होती. आता नियम असा केला आहे की, १९१८ पर्यंतच्या रशियातील घटनांना जुनी तारीख द्यायची आणि स्थापनेच्या दिवसापुरत्या दोन्ही द्यायच्या.

नावाचाही निर्णय झाला. जर्मन उच्चार 'झारेप्टा' असा होतो आणि रशियन 'सारेप्ता'. मूळ नाव बायबलमधील ज्या गावाचे, ते मराठी बायबलमध्ये 'सारफथ' म्हणून येते. एलिया संदेष्ट्याला आसरा देणाऱ्या विधवेच्या मडक्यातले पीठ संपले नाही आणि कुपीतले तेलही आटले नाही, ही तिथलीच कथा. वसाहतवाल्यांना शेजारच्या सार्पा नदीच्या नावात या गावाचे नाव ऐकू आले आणि त्यांनी ते घेतले. मी रशियन उच्चार स्वीकारला आहे, कारण नकाशावर वाचकाला तोच सापडेल.

१३ जून

आता माणसांविषयी. सारेप्ता वसवणारे हे 'बंधुसंघा'चे, म्हणजे मोरावियन चर्च या प्रोटेस्टंट पंथाचे, लोक होते. मोरावियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातून) धर्मछळामुळे पळालेल्या काही कुटुंबांनी १७२२ मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीत काउंट त्सिंत्सेन्डोर्फ याच्या जमिनीवर हेर्नहुट हे गाव वसवले. तिथून हा पंथ ग्रीनलंडपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरला. जिथे जातील तिथे ते हेर्नहुटचाच नकाशा अंथरत असत. मधोमध चौक, चौकाच्या कडेला प्रार्थनागृह, त्याच्याजवळ अविवाहित पुरुषांचे घर, अविवाहित स्त्रियांचे घर आणि विधवांचे घर, आणि गावाबाहेर 'देवाचे शेत' म्हणजे दफनभूमी, जिथे श्रीमंत-गरीब भेद न करता सर्वांना सारखीच आडवी शिळा. १७६५ मध्ये पाच बंधू स्टेपच्या माळावर पोचले आणि सात वर्षांनी, १७७२ मध्ये, तिथले प्रार्थनागृह पूर्ण झाले. ती इमारत आजही उभी आहे. पुढे लाकडी नळांतून गावात झऱ्याचे पाणी खेळवले गेले आणि माळावरच्या त्या गावाच्या चौकात कारंजे उडू लागले.

हा समाज वय, लिंग आणि विवाहस्थिती यांप्रमाणे ज्या गटांत विभागलेला असे, त्या गटांना जर्मनमध्ये 'कोर' म्हणतात. त्याला मराठी शब्द शोधताना 'मेळा' सुचला, आणि काही वेळ तो फार आवडलाही, कारण मूळ शब्दातही सामूहिक गायनाची छटा आहे आणि गणेशोत्सवातल्या मेळ्यांमुळे तीच छटा मराठीतही येते. पण मेळा उत्सव संपला की पांगतो. हा गट माणसाला मरेपर्यंत धरून असे, मेल्यावर पुरुषांची आणि स्त्रियांची पुरण्याची जागासुद्धा वेगळी असे. शेवटी 'वर्ग' हाच रुक्ष शब्द ठेवला.

(जाता जाता : मठ बांधण्यास मनाई करणाऱ्या साम्राज्यात अविवाहित पुरुषांनी एकत्र राहून, एकत्र जेवून, एकत्र प्रार्थना करून दिवस काढण्याचे घर खुशाल उभे राहिले. कागदावर ते कारागिरांचे वसतिगृह होते, आणि विणकर, चांभार, सुतार तिथे खरोखरच काम करत होते. ही टीप लेखात घेणार नाही.)

१४ जून

कालच्या नोंदीत एक गोष्ट राहिली आणि ती मराठी वाचकाला कोणत्याही पाश्चात्त्य वाचकापेक्षा लवकर कळेल. बंधुसंघात महत्त्वाच्या निर्णयांसाठी चिठ्ठी काढली जाई. कोणाला कुठे पाठवायचे, कोणता प्रस्ताव मान्य करायचा, एवढेच नव्हे तर कोणाचे कोणाशी लग्न करायचे, हेही चिठ्ठीने ठरे. चिठ्ठ्या तीन असत : होकाराची, नकाराची आणि कोरी. कोरी निघाली तर थांबायचे. कोकणात देवाला कौल लावतात त्याहून हे वेगळे नाही. उजवा कौल, डावा कौल आणि 'देव अजून बोलत नाही' या तिन्ही अवस्था तशाच आहेत. मी सरळ 'कौल लावणे' असेच लिहिले. १८१८ च्या धर्मसभेनंतर सर्वसामान्य सभासदांच्या लग्नासाठी कौलाची सक्ती उरली नाही.

१९ जून

आता हेतूकडे. बंधुसंघाला सुपीक जमीन हवी असती तर सारातोव्हकडे ती मिळाली असती. ते इतके खाली, कोरड्या स्टेपमध्ये उतरले ते काल्मिकांसाठी. काल्मिक हे मंगोल वंशाचे, तिबेटी परंपरेचा बौद्ध धर्म पाळणारे, कळपांमागे तंबू हलवणारे लोक. त्यांच्यात धर्मप्रसार करायचा आणि जमल्यास त्यांच्या वाटेने आणखी पूर्वेला जायचे, हा बेत होता. राज्यकर्त्यांचा बेत वेगळा होता. त्यांना सीमेवर तटबंदी, तोफा आणि करदाते हवे होते. दोन्ही बेत एका सनदेत बसवले गेले आणि जोवर कोणी बारकाईने वाचले नाही तोवर ते बसलेही.

१७६७ च्या या सनदेने गावाला स्वतःचा कारभार, मासेमारीचे हक्क, गावाच्या हद्दीत दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क आणि व्यापाराची मोकळीक दिली. पण ज्यांच्यासाठी आलो ते चारच वर्षांत निघून गेले. १७७१ च्या जानेवारीत उबाशी खानाच्या नेतृत्वाखाली काल्मिकांचा फार मोठा भाग व्होल्गेपलीकडून उठला आणि आपल्या पूर्वजांच्या झुंगारियाकडे (आजच्या चीनच्या वायव्येकडे) चालू लागला. वाटेत थंडीने, भुकेने आणि हल्ल्यांनी त्यांतले असंख्य मेले. त्या हिवाळ्यात व्होल्गेवर वेळेवर बर्फ धरले नाही, म्हणून उजव्या तीरावरच्या काल्मिकांना ओलांडून जाता आले नाही आणि ते मागे राहिले. सारेप्ता उजव्या तीरावरच आहे. गावाला शेजार उरला तो न गोठलेल्या नदीमुळे.

राहिलेल्यांशी संबंध चांगले होते. काल्मिक गावात औषधपाण्यासाठी येत, घोडे विकत, पीठ आणि तंबाखू घेत. १८१५ मध्ये मिशनचे काम नव्याने सुरू झाले आणि काही वर्षांत मोजकी काल्मिक कुटुंबे बाप्तिस्मा घ्यायला तयार होऊन सारेप्त्याजवळ येऊन राहिली. तेव्हा सरकारने कागद उलगडला : साम्राज्यातील प्रजाजनाला बाप्तिस्मा देण्याचा अधिकार फक्त ऑर्थोडॉक्स चर्चचा. म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या खटपटीला पहिले फळ धरले आणि ते तोडण्याचा हक्क आपला नाही असे बागवानाला कळले. मिशन तिथेच संपले. माझ्या मते सारेप्त्याचा इतिहास खरोखर इथून सुरू होतो, कारण आता या गावाला आपण इथे का आहोत याचे दुसरे उत्तर शोधावे लागले.

२३ जून

पुगाचेव्ह, म्हणजे कॅथरिनविरुद्ध उठलेला कोसॅक बंडखोर. ऑगस्ट १७७४ मध्ये त्याचे बंडखोर सैन्य त्सारित्सिन न जिंकता दक्षिणेकडे वळले. सारेप्त्याचे लोक आस्त्राखानच्या दिशेने निघून गेले होते. रिकामे गाव लुटले गेले. २५ ऑगस्टला थोडे खालच्या अंगाला सरकारी सेनापती मिखेल्सनच्या फौजेने पुगाचेव्हचा निर्णायक पराभव केला. परतलेल्यांनी गाव पुन्हा बांधले. हे प्रकरण नाट्यमय असल्याने त्यावर पाने भरता येतात, पण लेखात त्याला एक परिच्छेद पुरे. १८२३ च्या आगीने केलेले नुकसान गावाच्या पैशावर जास्त खोल गेले, तिलाही दोन ओळी.

२८ जून

आज घरात कैरीच्या लोणच्याचा दिवस होता आणि त्यामुळे माझे एक प्रकरण अनपेक्षितपणे सुटले. आई मोहरीची डाळ फेसत होती. कोरडी असताना त्या डाळीला कसलाच वास नव्हता. पाण्याचा हबका मारून ती फिरवू लागताच दुधट फेस आला, आणि दोन मिनिटांत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "नाकात चढली की झाली," एवढेच आई म्हणाली.

सारेप्त्याचा सगळा उद्योग या वाक्यात आहे. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा भरडला आणि त्याला पाणी लागले की दाण्यातले एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या घटकावर काम करते आणि तेव्हा तो तिखट, उडून जाणारा पदार्थ निर्माण होतो. उलट तापल्या तेलात मोहरी तडतडली की विकर मरते, म्हणून फोडणी खमंग लागते पण नाकात चढत नाही. सारेप्त्यात कोनराड नाइट्स याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मोहरीच्या लागवडीचे प्रयोग केले आणि १८१० मध्ये योहान कास्पार ग्लित्श याने मोहरीची गिरणी उभारली. तिथे दाण्याची साल काढत, तेल गाळत आणि उरलेल्या पेंडीचे पिवळे पीठ दळत. साल काढलेली मोहरी म्हणजे आपली मोहरीची डाळच. तेल स्वयंपाकाला आणि पीठ पाण्यात कालवून तोंडी लावायला, अशी एका दाण्याची दोन दुकाने झाली. गोऱ्या मोहरीपेक्षा ही जात झणझणीत, आणि कोरड्या स्टेपमध्ये तगणारी. ज्या जमिनीने गव्हाला दाद दिली नाही तिने हिला दिली.

आपल्या बाजारात मुख्यतः मिळते ती मोहरी ब्रासिका जुन्सिया या जातीची आहे, आणि जर्मन भाषेत या जातीचे नावच 'सारेप्ता मोहरी' असे आहे. म्हणजे जर्मनीत राहणारी एखादी मराठी गृहिणी फोडणीसाठी मोहरी घेते, तेव्हा पुष्कळदा व्होल्गाकाठच्या या गावाचे नाव घेत असते. काल्मिकांसाठी आलेल्या लोकांच्या हाती शेवटी मोहरी लागली. सारफथच्या विधवेचे पीठ आणि तेल, दोन्ही संपले नाही असे म्हणण्याचा मोह होतो. तो इथे नोंदीत भागवून घेते.

३ जुलै

मोहरीखेरीज इतर उद्योग : साबण, मेणबत्त्या, तंबाखू, सारेप्त्याचा मसालेदार मधाचा केक, वनस्पतींचे औषधी मद्यार्क, आणि सार्पिन्का. सार्पिन्का हे हलके, चौकड्यांचे किंवा पट्ट्यांचे सुती कापड. त्याचे सूत सुरुवातीला जर्मनीतून येई आणि विणकाम सारेप्त्यात होई. पैठणीने जसे पैठणचे नाव धरले तसे या कापडाने सार्पा नदीचे. पुढे हे विणकाम सारातोव्हकडच्या जर्मन खेड्यांत घरोघर पसरले, सारेप्त्यातले माग मागे पडले आणि नाव तेवढे कापडाबरोबर गेले.

अलेक्झांडर बेकर याचेही नाव इथे नोंदवते. १८१८ मध्ये जन्मलेला हा सारेप्तावासी आयुष्यभर भोवतालच्या स्टेपमधल्या वनस्पती आणि कीटक गोळा करून युरोपातील संग्रहांना पाठवत राहिला. 'सारेप्ताना' असे उपपद लावलेल्या जाती शास्त्रीय नावांच्या यादीत आजही भेटतात, त्यांतले एक गवत त्याने स्वतः वर्णन केलेले.

८ जुलै

हस्तलिखिताशी पहिली झटापट. बंधुसंघातला प्रत्येक सभासद आपली जीवनकहाणी लिहून ठेवी आणि ती त्याच्या दफनाच्या वेळी वाचली जाई. या कहाण्या कुरेंट या जुन्या जर्मन वळणात असतात. त्यात 'ए' हे अक्षर 'एन'सारखे दिसते आणि 'यू' ओळखू यावा म्हणून त्याच्यावर एक हुक काढलेला असतो. सरावाच्या एका पानाला चार तास लागले. पूर्वी मोडी शिकताना जी सवय लागली होती, म्हणजे अडलेले अक्षर सोडून पुढे जायचे आणि वाक्याच्या टोकाला पोचून मागे वळायचे, तीच इथेही उपयोगी पडली.

दिवसाचा उरलेला भाग इझाक याकोब श्मिट याला. आम्स्टरडॅममध्ये जन्मलेला हा तरुण १७९८ मध्ये व्यापारी कारकून म्हणून सारेप्त्यात आला, काल्मिकांशी व्यवहार करता करता त्यांची भाषा शिकला, पुढे सेंट पीटर्सबर्गला जाऊन त्याने बायबलचा काही भाग काल्मिक भाषेत आणला, आणि अखेरीस मंगोल व तिबेटी भाषांची व्याकरणे व कोश रचणारा विद्वान झाला. विद्यापीठ नाही, गुरू नाही; हिशेबाची वही आणि घोड्यांचा बाजार एवढीच त्याची शाळा.

भारताशी जोडणारा एक धागाही इथेच आहे. सारेप्त्यात काम केलेल्या हाइनरिख आउगुस्ट त्स्विक याने जर्मनीत परतल्यावर हाइडे आणि पागेल या दोन मिशनऱ्यांना काल्मिक भाषा शिकवली. ते १८५३ मध्ये भारतमार्गे मंगोलियाला जायला निघाले. तिबेटची वाट मिळाली नाही, म्हणून १८५६ मध्ये हिमालयातल्या लाहौलमधल्या केलाँगला ते स्थिरावले. लेहमधले मोरावियन चर्च याच कामाचे पुढचे पाऊल. हे लेखात तीन वाक्यांपेक्षा जास्त नको.

१५ जुलै

सनदेचा शेवट. १८७१ मध्ये झारच्या सरकारने वसाहतवाल्यांचा वेगळा दर्जा रद्द केला आणि १८७४ मध्ये सैनिकी सेवा सर्वांना लागू झाली. 'कायमची सूट' एकशे अकरा वर्षे टिकली. १८९२ मध्ये सारेप्ता आणि हेर्नहुट यांचा संबंध तुटला आणि दोन वर्षांनी गावाचे चर्च ल्युथरन झाले. मला या प्रकरणात रडगाणे नको आहे. तोपर्यंत अविवाहितांची घरे ओस पडत आली होती, मोहरीचे गिरणीमालक श्रीमंत झाले होते आणि सामाईक मालमत्तेवर चालणारे गाव खासगी व्यवहारांचे झाले होते. सनद बाहेरून काढून घेण्याआधी आतून बरीच विरली होती. असे पहिल्या मसुद्यात लिहिले नव्हते, तिथे सारा दोष झारच्या माथी मारला होता. ते दोन परिच्छेद आज पुन्हा लिहिले.

२१ जुलै

१९२० मध्ये गावाचे नाव बदलून क्रास्नोआर्मेइस्क झाले आणि १९३१ मध्ये ते स्टालिनग्राड शहरात सामावले. २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकमाने व्होल्गा प्रदेशातील सर्व जर्मनांना सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हलवण्यात आले, त्यांत सारेप्त्याचे जर्मनही होते. पुढच्याच वर्षी स्टालिनग्राडची लढाई झाली; शहराचा हा दक्षिणेकडचा भाग सोव्हिएत सैन्याच्या हातून गेला नाही आणि म्हणून जुन्या इमारती वाचल्या. मग २८ डिसेंबर १९४३ ला काल्मिकांनाही सरसकट सायबेरियाला पाठवण्यात आले. अडीच वर्षांच्या आत धर्म सांगायला आलेले आणि ज्यांना सांगायचा ते, दोघेही या माळावरून उचलले गेले. काल्मिकांना १९५७ नंतर परतता आले. जर्मनांवरचा शत्रूला सामील असल्याचा आरोप १९६४ मध्ये मागे घेतला गेला, पण जुन्या घरी जाण्याची परवानगी त्यात नव्हती. कालपटात या दोन तारखा शेजारी ठेवल्या आहेत आणि त्यांच्यावर काहीही टिप्पणी केलेली नाही.

२६ जुलै

शेवटच्या भागाचे टिपण. १९८९ मध्ये जुने सारेप्ता संग्रहालय म्हणून राखीव झाले आणि प्रार्थनागृहात आता पुन्हा ऑर्गन वाजतो. २०२४ मध्ये युनेस्कोने बंधुसंघाची गावे म्हणून हेर्नहुट, अमेरिकेतील बेथलहेम आणि उत्तर आयर्लंडमधील ग्रेसहिल यांना डेन्मार्कच्या क्रिस्टियान्सफेल्डच्या जोडीला जागतिक वारसा म्हणून नोंदवले. त्या यादीत सारेप्ता नाही. एवढीच माहिती दिली आहे, तक्रारीचा सूर काढून टाकला.

३० जुलै

नकाशा पूर्ण करून गटाकडे पाठवला. त्यावर एकाच जागेला तीन नावे द्यावी लागली : सारेप्ता, कंसात क्रास्नोआर्मेइस्क, आणि मोठ्या अक्षरांत व्होल्गोग्राड. जुन्या गावाला लागूनच १९५२ मध्ये खुला झालेला, व्होल्गा आणि डॉन या नद्यांना जोडणारा कालवा सुरू होतो. तो १०१ किलोमीटर लांब आणि तेरा जलपाशांचा (बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या टाक्यांचा) आहे, त्यामुळे नकाशावर त्याची निळी रेषा ठसठशीत येते. त्याच्याजवळची सार्पा इतकी बारीक की छपाईच्या नमुन्यात ती दिसेनाच. प्रमाण बिघडते हे माहीत असूनही तिची रेषा दुप्पट जाड केली आणि नदीच्या मुखापाशी नाव लिहिले.